व्यक्तिमत्त्व चाचणी, छापील अहवाल आणि पंधरा दिवसांची वही

रत्नागिरी जिल्ह्यातील पावसजवळच्या आमच्या गावी आम्ही दोघी जावा आणि माझे धाकटे दीर मिळून आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचे आगळ आणि आमसुले करण्याचा घरगुती व्यवसाय चालवतो. व्यवसाय वाढत गेला तशा कुरबुरीही वाढल्या आणि शिमग्यानंतर एका साध्या हिशेबावरून घरात चार दिवस अबोला राहिला. त्यानंतर दिरांनी रत्नागिरीतील एका समुपदेशन केंद्राची माहिती आणली. ते म्हणाले, "वहिनी, कोणी कोणते काम करावे हे आपण एकमेकांचे ऐकत नाही; तिऱ्हाइताने सांगितले तर कदाचित ऐकू." सासूबाईंना ही कल्पना मुळीच पटली नव्हती, कारण रत्नागिरीत मनाचा डॉक्टर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी मनोरुग्णालय उभे राहते. हे आजाराचे नसून स्वभाव समजून घेण्याचे काम आहे, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

या केंद्रात आम्ही तिघांनी प्रत्येकी 3,200 रुपये भरून जी सेवा घेतली, तिच्यात 120 विधानांची प्रश्नावली, तिच्यावरून तयार होणारा छापील अहवाल, पंधरा दिवस भरायची एक नोंदवही आणि समुपदेशक बाईंबरोबर प्रत्येकी दीड तासाच्या दोन बैठका यांचा समावेश होता. 1,200 रुपयांत केवळ प्रश्नावली आणि अहवाल देणारा दुसरा पर्यायही तेथे आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझे म्हणणे त्या एका केंद्रापेक्षा अशा सेवेत ग्राहकाने काय पाहावे आणि काय मागावे, याविषयी आहे.

प्रथम प्रश्नावलीविषयी. ती पाच गुणांच्या प्रचलित सिद्धांतावर आधारलेली होती. अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौजन्यशीलता आणि भावनिक अस्थैर्य ही ती पाच परिमाणे. माणूस यांपैकी कोणत्या कप्प्यात बसतो असा प्रश्न येथे नसतो. प्रत्येक गुण प्रत्येकात कमी-अधिक प्रमाणात असतो आणि तो किती, एवढेच मोजायचे असते. हा भाग मला आवडला. चार अक्षरांचा शिक्का मारून माणसांचे सोळा प्रकार करणारी पद्धत यापेक्षा अधिक लोकप्रिय आहे, परंतु बहुतेक माणसे कोणत्याही गुणाच्या मधल्या पट्ट्यात असताना त्यांना या किंवा त्या बाजूला ढकलणे मला पटत नाही. थोड्या आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो, हा त्या पद्धतीवरील जुना आक्षेप आहे.

दुःखाची गोष्ट अशी, की इतक्या चांगल्या पायावर उभ्या असलेल्या प्रश्नावलीचे मराठी भाषांतर अत्यंत निष्काळजीपणे केलेले होते. "मी पार्टीचा प्राण असतो" असे एक विधान होते आणि त्यापुढे पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत अशा पाच पर्यायांतून निवड करायची होती. माझ्या जावेने आयुष्यात पार्टी म्हणावी असे काही केलेले नाही. शिमग्यात पालखी अंगणात येते तेव्हा तीच सगळ्यांना हाका मारून गोळा करते आणि ओटी भरताना तिचाच आवाज सर्वांच्या वर असतो. तिने त्या विधानापुढे पूर्ण असहमत अशी खूण केली आणि तिची बहिर्मुखता त्या प्रमाणात कमी मोजली गेली. विधाने पुरुषाच्या तोंडी होती, हेही दोघींनाही वाचताना सतत खटकत राहिले.

भाषांतराचा दोष मी इतका मनावर घेते, याला कारण आहे. हा सिद्धांत मुळात भाषेतूनच जन्माला आला आहे. माणसामाणसांतील जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे असतात, त्यांना भाषा शब्द देते. तेव्हा शब्दकोश चाळला तर स्वभावाचा नकाशा हाती लागेल, हा विचार ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी 1884 मध्ये मांडला होता. पुढे 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचून काढले आणि नंतरच्या संशोधकांनी ते गाळत, जुळवत पाच मोठ्या गटांपर्यंत आणले. मग मराठी माणसाला विचारताना आपल्या भाषेने घडवलेले शब्द का वापरू नयेत? धांदरट, वेंधळा, घुमा, हळवा, चोखंदळ, तिरसट, मनमोकळा, टापटिपीचा, चिवट, उतावळा हे शब्द उच्चारले की आमच्या गावातील एकेक चेहरा डोळ्यांपुढे येतो. "मी अमूर्त कल्पनांमध्ये रस घेतो" या वाक्याने कोणाचाही चेहरा येत नाही. दुसऱ्या बैठकीत मी हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी ते लिहून घेतले.

अहवाल आठ दिवसांनी मिळाला. तो आधी इंग्रजीत आला आणि मराठीसाठी आणखी चार दिवस थांबावे लागले. गुळगुळीत कागद, रंगीत पट्ट्या, प्रत्येक गुणापुढे शंभरपैकी एक आकडा, असे त्याचे स्वरूप होते. माझी कर्तव्यदक्षता 41 आणि भावनिक अस्थैर्य 20 होते. जावेचे भावनिक अस्थैर्य 83 आणि सौजन्यशीलता 88 होती. दिरांची बहिर्मुखता 92 होती. 41 याचा अर्थ शंभर माणसांत 41 जणांची कर्तव्यदक्षता माझ्यापेक्षा कमी आहे, असा आहे. परंतु ही शंभर माणसे कोणती, पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील की परदेशातील, याचा अहवालात एका शब्दानेही उल्लेख नव्हता. ज्या आकड्याची तुलना कोणाशी केली आहे हे कळत नाही, त्या आकड्यावरून मी व्यवस्थित की अव्यवस्थित हे कसे ठरवावे?

आकड्यांखाली प्रत्येकासाठी एक परिच्छेद होता आणि अहवालातील सर्वांत कच्चा भाग तोच होता. "आपण बाहेरून शिस्तबद्ध दिसता, पण मनात कधी कधी शंका येतात. आपल्याला बदल आवडतो, तथापि स्थैर्यही हवे असते." हे वाचून मला क्षणभर वाटले, की किती नेमके ओळखले आहे. मग संशय आला, म्हणून मी माझा परिच्छेद नाव झाकून जावेला दिला आणि तिचा मी वाचला. तिने दोनदा वाचून शांतपणे सांगितले, "वहिनी, हे तर माझेच आहे." बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी 1948 मध्ये आपल्या 39 विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. सर्वांना एकच मजकूर वैयक्तिक विश्लेषण म्हणून दिला आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. जे वाक्य कोणालाही लागू पडते, ते आपल्याला खास आपले वाटते. पत्रिकेतील भविष्यही अशाच वाक्यांवर चालते. ज्या केंद्रात मानसशास्त्राची पदवी घेतलेली माणसे बसतात, त्यांनी तरी असा मजकूर छापू नये. केवळ 1,200 रुपयांची सेवा घेणाऱ्याच्या हाती एवढेच पडते, आणि म्हणून ती कोणी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वहीविषयी, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

पंधरा दिवस दिवसातून पाच वेळा, ठरावीक नसलेल्या वेळी फोनवर संदेश येई आणि त्या घटकेला आपण काय करत आहोत, कोणाबरोबर आहोत, गेल्या अर्ध्या तासात किती बोललो, किती नीटनेटके वागलो, किती चिडलो, कोणाला मदत केली, हे चार ओळींत लिहायचे असे. या पद्धतीमागे विल्यम फ्लीसन या मानसशास्त्रज्ञांचे 2001 मधील संशोधन आहे, असे बाईंनी समजावून सांगितले. लोकांच्या दिवसभरातील वागण्याच्या अशा नोंदी घेतल्यावर फ्लीसन यांना असे दिसले, की एकच माणूस एकाच आठवड्यात अत्यंत अबोल ते अत्यंत बोलका अशा सर्व पायऱ्यांवर उभा राहून येतो. पण त्याच्या अनेक नोंदींची सरासरी काढली, तर ती एका आठवड्याकडून दुसऱ्या आठवड्याकडे जाताना फारशी हलत नाही. स्वभाव सरासरीत राहतो आणि वागणे क्षणाक्षणाला बदलते, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी गुणांचे माप आणि एखादे प्रत्यक्ष वागणे यांचा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ, 0 म्हणजे काहीच नाही) बहुधा 0.30 च्या वर जात नाही असे दाखवून मोठे वादळ उठवले होते. त्याला 1979 मध्ये सीमोर एपस्टाइन यांनी उत्तर दिले, की एका कृतीवरून नव्हे, अनेक दिवसांच्या कृतींच्या बेरजेवरून पाहा, म्हणजे स्वभाव स्पष्ट दिसू लागेल.

आमच्या वहीतील एक दुपार येथे सविस्तर सांगते, कारण अहवाल काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे मला त्या दुपारी कळले.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. खळ्यात मांडवावर आंबापोळीचे बावीस थाळे उन्हात होते. थाळ्याला तुपाचा हात फिरवून आटवलेला रस ओततात, तो सुकला की दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर देतात. तेव्हा काही थाळ्यांत त्या सकाळी ओतलेला ओला थर होता आणि काहींत तिसऱ्या दिवसाची, कडा सुटू लागलेली पोळी होती. शेजारी सुपांतून आमसुलांची साले कोकमाच्या रसाचे दुसरे पूट देऊन वाळत घातलेली होती. तीन वाजता दक्षिणेकडून ढग आले आणि पाच मिनिटांत वळिवाचे टपोरे थेंब पडू लागले. माझे भावनिक अस्थैर्य 20, म्हणजे घरातील शांत माणूस मी. पण मी अंगणात उभी राहून कामावरच्या बायकांवर ओरडत होते आणि माझ्या हातून एकही थाळा उचलला गेला नव्हता. जिच्या अहवालात "ताणाखाली गोंधळण्याची शक्यता" असे छापले होते, ती माझी जाऊ पदर खोचून मांडवाकडे गेली आणि म्हणाली, "ओले आधी, सुकलेले मागून, सुपे राहू देत, त्यांच्यावर ताडपत्री ओढा." ओल्या थरावर थेंब पडला की तेथे खळगा पडतो आणि दोन दिवसांत बुरशी धरते, सुकलेली पोळी मात्र फडक्याने टिपून वाचवता येते. तिने एकामागून एक सगळे थाळे माजघरात आणले आणि एकही वाया गेला नाही. साडेतीनला फोनवर संदेश आला. तिने वहीत लिहिले, "शांत होते. हात चालत होते." मी लिहिले, "खूप चिडले. आवाज चढला."

दुसऱ्या बैठकीत बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून ही नोंद वाचली आणि मग जावेची आदल्या रात्रीची नोंद काढली. रात्री दहाच्या संदेशाला तिने लिहिले होते, की झोप लागत नाही, तीन वेळा उठून आभाळ पाहिले, पाऊस आला तर काय उचलायचे ते मनात घोळते आहे. पंधरा दिवसांतील तिच्या अकरा नोंदींत अशी काळजी होती, तेव्हा 83 हा आकडा चुकीचा नव्हता. चुकीचे होते ते त्या आकड्याखालचे वाक्य. तिची काळजी रात्री आपले काम करून मोकळी झाली होती आणि दुपारी तिच्या हाती तयार क्रम होता. मी निर्धास्त झोपले होते, म्हणून माझ्याकडे काहीच तयार नव्हते. पाऊस आला "तर" ती अशी वागते, गिऱ्हाईक उलट बोलले "तर" तशी वागते, आणि हा जर-तरचा साचाच त्या माणसाची खरी ओळख असतो, ही मांडणी मिशेल आणि युइची शोदा यांनी 1995 मध्ये केली होती, असे बाईंनी सांगितले. मला ते नाव माहीत नव्हते, पण आपल्या जावेला मी लग्नापासून "भित्री" म्हणत आले होते आणि त्या खुर्चीत बसून मला त्याची मनापासून लाज वाटली.

माझ्या 41 चा उलगडाही वहीने असाच केला. आगळाच्या बरण्यांवरच्या तारखा, मिठाचे माप, उधारीची वही यांत माझी एकही चूक पंधरा दिवसांत निघाली नाही. फोनला उत्तर देणे, कपाट आवरणे, दिलेल्या वेळी निघणे यांत मी जवळजवळ रोज कमी पडले. दोन्हींची सरासरी मधे कोठेतरी येणारच. मुलांचा प्रामाणिकपणा तपासताना ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांना 1928 मध्ये असेच आढळले होते, की वर्गात नक्कल करणारे मूल खेळातही फसवेल असे फारसे खात्रीने सांगता येत नाही. दिरांविषयी अहवाल आणि वही यांचे बव्हंशी जमले. ते पावसला दर्शनाला आलेल्या प्रवाशांशी तासन्‌तास आनंदाने बोलतात, आणि वहीतही तेच दिसले.

सौजन्यशीलतेबाबत मात्र मला बाईंशी वाद घालावा लागला. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील एका पाहणीत 400 दैनंदिन कृती आणि पाच गुण यांचा संबंध तपासला होता आणि सौजन्यशील माणसे भांडी घासणे, इस्त्री करणे, मुलांशी खेळणे अशा गोष्टी अधिक वेळा करतात असे दिसले होते, असे सांगून त्यांनी जावेच्या वहीतील भांड्यांच्या नोंदींवर बोट ठेवले. मी विचारले, "पण बाई, ती घरातली धाकटी सून आहे. ती उठली नाही तर दुसरे कोण उठणार?" आमच्या घरांत कोणते काम कोणाकडे जाईल हे पुष्कळदा नाते, वय आणि मान ठरवतो; तेथे कामावरून स्वभाव वाचायला गेलो, तर नाइलाजालाच गुण समजण्याची चूक होते. ज्या ठिकाणी माणसाला निवड असते तेथेच त्याचे वागणे त्याच्याविषयी काही सांगते. बाईंनी हे मान्य केले आणि पुढचे पाच दिवस भांडी पाळीने घासायची, जावेने त्या वेळात काय केले ते लिहायचे, असे ठरवून दिले. तिसऱ्या दिवशी ती पाळी नसतानाही शेजारच्या म्हाताऱ्या काकूंचे पाणी भरून आली. चौथ्या दिवशी ती अर्धा तास पडवीत एकटी बसली आणि वहीत लिहिले, "कोणी हाक मारली नाही. बरे वाटले." तिची सौजन्यशीलता खरी होती, हे पाणी भरण्यावरून कळले. भांड्यांमागे आम्ही सगळे होतो.

यानंतर आम्ही कामे नव्याने वाटली. वाळवणाचा आणि हवामानाचा सगळा निर्णय जावेकडे गेला, हिशेब आणि मापे माझ्याकडे राहिली, गिऱ्हाइके दिरांकडे, आणि भांडी आजही पाळीने घासली जातात. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात नाक मुरडले, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच पाळीचा कागद ओट्याजवळ चिकटवला.

आता दोन गंभीर तक्रारी. पैसे भरताना केंद्रातील व्यवस्थापकांनी सुचवले, की आमच्याकडे हंगामापुरत्या येणाऱ्या बायकांचीही हीच चाचणी करून घ्यावी, म्हणजे कोणाला कामावर ठेवायचे ते कळेल. गटासाठी सवलतही मिळेल. कर्तव्यदक्षतेचा कामाच्या दर्जाशी संबंध असतो, हे मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी 1991 मध्ये अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा घेऊन दाखवले आहे, हे खरे. पण तो संबंध मध्यमच आहे, नोकरी हवी असलेला माणूस कोणत्या विधानापुढे कोणती खूण करायची हे सहज ओळखतो, आणि जी बाई फणसाचे गरे एकसारखे चिरते तिला एका भाषांतरित कागदावरून घरी पाठवणे हा उघड अन्याय आहे. आम्ही नकार दिला. दुसरी तक्रार अशी, की आमचे तिघांचे अहवाल एकाच पाकिटात घालून दिरांच्या हाती दिले गेले. स्वतःच्या भीती आणि चिडचिडीविषयीचा कागद आधी ज्याचा त्याने वाचावा, ही साधी मर्यादा होती. आम्ही बोलल्यावर बाईंनी क्षमा मागितली, आणि वह्या मात्र त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या, बंद करून परत दिल्या.

समुपदेशक बाईंचे काम मी उत्तम म्हणेन. त्यांनी एकदाही "तुम्ही अशा आहात" असे वाक्य उच्चारले नाही. कुठे, कोणासमोर, कोणत्या वेळी, असेच विचारत राहिल्या. प्रश्नावली सुमार आहे, छापील परिच्छेद निरुपयोगी आहे, आणि वही व बैठका या दोहोंसाठी 3,200 रुपये मला रास्त वाटले. ज्यांना जायचे आहे त्यांनी चाचणीआधी तुलनेचा गट कोणता ते लेखी विचारावे, अहवाल स्वतंत्र पाकिटात मागावा आणि मराठी प्रत पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी. आंब्याचा किंवा कोकमाचा व्यवसाय असेल तर हंगामातलेच पंधरा दिवस निवडावेत, पाच संदेशांना उत्तर देणे कितीही जड गेले तरी. पावसाळ्यात, घरात निवांत बसून भरलेल्या वहीत वळिवाची ती दुपार आली नसती. बैठका रविवारी होत नाहीत, शनिवारी दुपारची वेळ आधी फोन करून मिळते.